'कोक'चे अनेकवचन

गेल्या सहामाही परीक्षेत नववीच्या एका विद्यार्थ्याने इंग्रजी संवादात 'टू कोक्स, प्लीज' असे लिहिले. आम्ही तांबड्या शाईने शेवटचा 'एस' खोडला आणि अर्धा गुण कापला. पेयाचे नाव म्हणजे पदार्थवाचक नाम, त्यास अनेकवचन कोठले, असा आमचा आग्रह होता. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शब्दकोश घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. चूक आमची होती.

द्रव्य या अर्थी 'सम कोक' हेच शुद्ध होय. परंतु बाटली किंवा पेला मोजावयाचा असता 'अ कोक', 'टू कोक्स' असे इंग्रज व अमेरिकन लोक सर्रास बोलतात व लिहितात. आपण 'दोन चहा' म्हणतो तेव्हा 'चहा'चे रूप बदलत नाही. म्हणूनच आपली मुले बहुधा 'टू कोक' लिहितात. या मुलाने मराठीची ही ओढ टाळली, आणि शिक्षा त्यासच झाली! व्यापारचिन्हांची जपणूक करणारे वकील अशा नावांचे अनेकवचन करू नये म्हणतात खरे; पण तो कायद्याचा सल्ला झाला, व्याकरणाचा नव्हे.

आद्याक्षराचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. 'कोक' लहान 'सी'ने लिहिला की तो दगडी कोळशापासून केलेले भट्टीचे इंधन होतो. 'माझ्या वडिलांनी कोक प्राशन केला' हे वाक्य तसे लिहिणाऱ्या मुलांच्या वडिलांची आम्हांस दया येते. पूर्ण नावात दोन्ही शब्दांस मोठा 'सी' आणि मध्ये संयोगचिन्ह हवे. 1886 साली अटलांटा येथे पेंबर्टन यांनी हे पेय सिद्ध केले व त्यांचे सहकारी फ्रँक रॉबिन्सन यांनी कोका वनस्पती व कोला फळ यांवरून त्याचे नाव ठेवले. 'कोक' हे लोकांच्या तोंडचे लघुरूप. कंपनीने ते जाहिरातींत 1941 साली स्वीकारले व 1945 साली नोंदवून घेतले. तत्पूर्वी 1920 साली 'कोक' नावाने दुसरेच पेय विकणाऱ्याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. गंमत अशी की, त्याच देशाच्या दक्षिण भागात पुष्कळ लोक कोणत्याही गोड फसफसत्या पेयास 'कोक'च म्हणतात. इतरत्र त्यासच कोणी 'सोडा' म्हणतो, कोणी 'पॉप'. आपल्याकडे मात्र सोडा म्हणजे वायुमिश्रित साधे पाणी. परदेशी जाणाऱ्या मुलांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे.

असल्या पेयाचे नाव वर्गात काढूच नये, असे काही पालकांचे म्हणणे आहे. आम्ही ते पिण्याची शिफारस करीत नाही. आमच्या घरी कोकमाचे सरबत होते. परंतु जो शब्द मुले दररोज दुकानाच्या पाटीवर वाचतात, तो शुद्ध कसा लिहावा हे शाळेने न सांगावे तर कोणी सांगावे?

त्या मुलाचे प्रगतिपुस्तक तोवर घरी गेले होते. ते परत मागवून आम्ही बेरीज दुरुस्त केली व खाली मुख्याध्यापकांची सही घेतली.