निम्म्या किमतीतलं रॉकेट

"अरे, पंचवीस लाखांची गाडी निम्म्यात मिळतेय!" हे वाक्य मला आता सहन होत नाही. आमच्या घराण्यातल्या तरुण मंडळींनो, तुम्हीही वाचताय हे माहीत आहे, म्हणूनच इथे लिहितोय.

निम्मी झाली ती गाडीची किंमत. सुट्या भागांची किंमत तिथेच आहे, उलट वाढलीच. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३० भारतात २०१७ साली आली, एक्स-शोरूम साडेचोवीस लाखांच्या आसपास. आज तिच्या पाण्याच्या पंपाचं प्लॅस्टिकचं घर गळायला लागलं (या इंजिनाचं हे जुनंच दुखणं), तर काउंटरवरचा माणूस "गाडी जुनी आहे ना, निम्मेच द्या" म्हणणार आहे का?

आता टर्बो. त्याचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि त्याला सांभाळतो तो तेलाचा एक पातळ थर. आधीच्या मालकाने खंडाळ्याचा घाट दणदणीत चढवला, वडापावसाठी थांबला आणि त्याच क्षणी इंजिन बंद केलं, की आतलं तेल भाजून निघतं. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरत राहण्याची सोय असते. तिने त्रास कमी होतो, संपत नाही. आणि तेल बदलायला उशीर केला असेल तर विचारूच नका.

थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे तिथे काजळी साठते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलाचा भुगा जोराने मारतात. (हो, अक्रोडच! आमच्या हिला अजून हे पटलेलं नाही.)

गिअरबॉक्सची तर वेगळीच तऱ्हा. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आठेक लाखांची होती. तिच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीमधलं मेकाट्रॉनिक गेलं आणि नवं बसवलं, तर बिल लाखाच्या पुढे जातं. म्हणजे जुन्या गाडीच्या किमतीचा केवढा मोठा तुकडा झाला बघा. आरएस २३० चा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, त्याला दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलावं लागतं. विकणाऱ्याला याचं बिल मागितलं, तर तो म्हणतो, "गाडी डॉक्टरांची आहे."

अहो, पण डॉक्टरांनी तेल बदललं का?

सगळ्यात राग येतो तो रीमॅपवाल्यांचा. दोन-तीन वर्षं "स्टेज वन" लावून गाडी पिळायची, मग विकताना मूळचं सॉफ्टवेअर परत टाकून "एकदम स्टॉक" अशी जाहिरात करायची. याला माझ्या लेखी फसवणूक म्हणतात, शौक नाही.

मग घेऊच नये का? घ्या की! मलाही त्या गाड्यांची ओढ सुचू देत नाही. पण निदान दोन लाख बाजूला ठेवून घ्या, आणि ते गाडीच्या किमतीतच धरा. शिक्के नकोत, बिलं बघा. इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करा. २०११ च्या लॉरा आरएसच्या पिढीतल्या १.८ टीएसआयमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला पडला असेल, तर ते पहिल्या दोन सेकंदांतच खडखडतं. चेन सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग इंजिनच उघडावं लागतं. तुम्ही पोचायच्या आधीच कुणी गाडी गरम करून ठेवली असेल, तर चहा प्या आणि निघा.