उजेड त्यांना, उष्टं आपल्याला?

पाम बीच रोडवर उभं राहिलं की खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली सायरस अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली. बंद पडलेल्या अणुभट्टीचं पुढे काय होतं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

गिरणी बंद पडली की यंत्रं भंगारात जातात आणि जमिनीवर टॉवर उभा राहतो. अणुभट्टीचं तसं नाही. आतलं लोखंड, काँक्रीट, सगळं किरणोत्सारी झालेलं असतं. इंधन काढायचं, भाग धुवायचे, कापायचे आणि कचरा कित्येक पिढ्या सांभाळायचा. याला डिकमिशनिंग म्हणतात, म्हणजे अणुभट्टी मोडीत काढणं. काम दशकानुदशकं चालतं, पैसा अफाट लागतो. तो पैसा कोणाचा?

सायरस संशोधनासाठी होती. वीज विकणारी देशातली सर्वात जुनी अणुभट्टी शेजारच्या पालघर जिल्ह्यात, तारापूरला आहे. तिथली पहिली दोन युनिटं १९६९ पासूनची. मोडीत काढण्याच्या खर्चासाठी विजेच्या दरात युनिटमागे २ पैसे धरले जातात. हा दर १९९१ मध्ये ठरला आणि त्यानंतर बदललाच नाही, हे कॅगने २०१२ च्या अहवालात नोंदवलं.

हिशेब आपणच करू. दोन्ही युनिटं प्रत्येकी १६० मेगावॅटची. वर्षभर एक मिनिटही न थांबता चालली तरी सुमारे २८० कोटी युनिट वीज होते. युनिटमागे २ पैसे, म्हणजे वर्षाला ५ कोटी ६० लाख रुपये. एवढ्यात शहरातला एक उड्डाणपूल होत नाही. २०२० मध्ये ही युनिटं लांबलचक दुरुस्तीसाठी बंद झाली. वीज नाही तेव्हा २ पैसेही नाहीत.

त्याच अहवालात कॅगने आणखी सांगितलं : या कामासाठी राखीव निधी ठेवण्याची तरतूद १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात नव्हती, निधी पुरेसा आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार नियामक मंडळाला नव्हता, आणि देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे मोडीत काढण्याचा आराखडा नव्हता.

यावर काही शहाणे म्हणतील, "प्रकल्प सरकारी आहे, सरकार भरेल." सरकार म्हणजे कोण, मित्रांनो? बिस्किटाच्या पुड्यावर कर भरणारा नाका कामगार म्हणजे सरकारची तिजोरी. आणि तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कात्री कुठे लागते? आपल्या पोरांच्या स्कॉलरशिपला आणि वसतिगृहांना. अणुभट्टीचं बिल थांबवता येत नाही, स्कॉलरशिप थांबवता येते. म्हणून हा प्रश्न शास्त्रज्ञांचा नाही, सामाजिक न्यायाचा आहे.

जर्मनीने २०१७ मध्ये वीज कंपन्यांकडून अणुकचऱ्यासाठी सुमारे २४ अब्ज युरो एका सार्वजनिक निधीत भरून घेतले. ब्रिटनमध्ये जुन्या केंद्रांची साफसफाई आज करदात्यांच्या पैशातून चालली आहे. आपल्याकडे २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज आणि खाजगी कंपन्यांसाठी कायद्यात बदल जाहीर झाले. नफा खाजगी आणि कचरा सार्वजनिक, ही जातीव्यवस्थेचीच जुनी रीत आहे. जेवणारा एक, खरकटं काढणारा दुसरा.

आपण विजेच्या विरोधात नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखातं सांभाळत होते, तेव्हा देशाच्या वीज धोरणाचा पाया त्यांनी घातला. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, असाच त्यांचा आग्रह होता. पण बिल पुढच्या पिढीच्या माथी मारा, असं त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक, निधी कायद्याने वेगळा ठेवा आणि त्याचा हिशेब दरवर्षी संसदेत मांडा. दोन, जुन्या सरकारी केंद्रांची तूट सरकारने भरावी, पण सामाजिक न्यायाच्या तरतुदीला हात न लावता. तीन, खाजगी कंपनीने पहिलं युनिट विकण्याआधी पूर्ण हमी जमा करावी. चार, साफसफाईच्या प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या किरणोत्साराची नोंद त्याच्या हातात द्या आणि त्याच्यावर आयुष्यभर मोफत उपचार करा. गटारात कोणाला उतरवलं जातं, हे आपल्याला माहीत आहे. अणुभट्टीत तेच होऊ द्यायचं नाही.

तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या युनिटांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. गाव गेलं, समुद्र गेला. आता उष्टंही त्यांच्याच दारात टाकायचं का? पुढच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या, आपल्या खासदाराला पत्र लिहा.

जय भीम!