तटस्थ सरकार नावाची दंतकथा : अमेरिकेतील रेल्वे संप आणि आजारपणाची रजा

१/ रेल्वे कामगारांनी संपाची हाक दिली की सरकार सांगते, आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही, आम्ही केवळ देशाचे हित पाहतो. हा दावा अमेरिकेच्या इतिहासावर घासून पाहू.

२/ १८९४. पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण आपल्याच वसाहतीतील घरभाडे कमी केले नाही. यूजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला. टपाल अडते, असे कारण देत सरकारने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत फौज उतरवली. डेब्ज यांना सहा महिन्यांची कैद झाली.

३/ त्या सरकारचे अ‍ॅटर्नी जनरल रिचर्ड ऑल्नी हे पूर्वी रेल्वे कंपन्यांचे वकील होते. ही झाली पहिली ‘तटस्थता’.

४/ १९१६. आठ तासांच्या दिवसासाठी ४ सप्टेंबरपासून देशव्यापी संप ठरला होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन थेट संसदेत गेले. अ‍ॅडमसन कायदा संमत झाला आणि ३ सप्टेंबरला त्यावर स्वाक्षरी झाली. संप टळला, पण कामगारांची मुख्य मागणी मान्य करून! सर्वोच्च न्यायालयानेही १९१७ मध्ये तो कायदा वैध ठरवला.

५/ हे उदाहरण विसरू नका. संप टाळण्यासाठी कामगारांना नमवावेच लागते, हा समज त्याने कायमचा खोटा ठरवला आहे.

६/ १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याने संपापूर्वी मध्यस्थी, प्रतीक्षा आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले मंडळ अशी दीर्घ वाट आखून दिली. शांततेसाठी ती योग्यही असेल. पण वाटेच्या अखेरीस संसद संप रोखणारच, हे मालकाला ठाऊक असेल, तर त्याने मन मोकळे करून वाटाघाट का करावी?

७/ आता २०२२. मालवाहू रेल्वेच्या १२ संघटना, सुमारे १,१५,००० कामगार. बहुतेकांना अल्प आजारासाठी पगारी रजेचा एकही दिवस नव्हता. बीएनएसएफ कंपनीने त्याच वर्षी हजेरीची गुणपद्धती आणली : आरंभी ३० गुण, गैरहजर राहिल्यास वजावट. तापाने फणफणलेल्या माणसाने आधी डॉक्टर गाठावा की गुण मोजावेत?

८/ सरकारी मंडळाने पाच वर्षांत २४ टक्के वेतनवाढ सुचवली. आजारपणाची रजा मात्र दिली नाही. आठ संघटनांनी करार स्वीकारला, चार संघटनांच्या सभासदांनी तो फेटाळला.

९/ मग संसद धावली. करार लादणारा ठराव प्रतिनिधिगृहात २९० विरुद्ध १३७, सिनेटमध्ये ८० विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. सात दिवसांच्या पगारी रजेची तरतूद वेगळी मांडली गेली. सिनेटमध्ये तिला ५२ विरुद्ध ४३ मते पडली. आवश्यक होती ६०. बहुमत मिळूनही रजा हरली. २ डिसेंबरला बायडेन यांनी करारावर स्वाक्षरी केली.

१०/ समर्थक म्हणतात, संपाने सर्वसामान्यांचे हाल झाले असते. मान्य. रेल्वे कंपन्यांच्याच संघटनेने दिवसाला २ अब्ज डॉलरहून अधिक नुकसानीचा अंदाज दिला होता. पण ज्या हातांवाचून देशाचे दिवसाला एवढे नुकसान होते, त्या हातांना आजारी पडण्याचे सात दिवस महाग कसे? त्याच वर्षी एकट्या युनियन पॅसिफिकचा निव्वळ नफा सुमारे ७ अब्ज डॉलर होता.

११/ २०२३ मध्ये त्याच कंपन्यांनी एकेका संघटनेशी पगारी रजेचे करार केले. त्यामागे सरकारचाही पाठपुरावा होता, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली : अशक्य म्हणून नाकारलेली रजा शक्यच होती.

१२/ सरकार संपात हस्तक्षेप करणारच. प्रश्न आहे तो भार कोणाच्या खांद्यावर टाकते, हा. १९१६ मध्ये तो मालकांनी उचलला, १८९४ आणि २०२२ मध्ये कामगारांनी. पुढच्या वेळी ‘देशहित’ हा शब्द कानी पडला, की त्याची किंमत कोण मोजतो आहे तेवढे अवश्य विचारा.