रॉकला अभंगाचं ओळखपत्र कशाला?

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना संध्याकाळी भिडे पुलावर उभे राहा. नदीपात्रात पथकांचा सराव चालू असतो आणि ढोल थेट छातीत वाजतो. नारायण पेठेतल्या खिडक्यांपर्यंत तो आवाज पोचतो. लोक कुरकुरतात, तक्रारीही करतात, पण ढोल कुणाला परका वाटत नाही. आता याच पेठेत एखाद्या पोरानं तिसऱ्या मजल्यावर ड्रमकिट लावून बघावं. पहिल्याच रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. आणि बोलणं आवाजावरून सुरू झालं तरी दोन मिनिटांत 'हे असलं आपल्यात नाही' इथं येऊन थांबतं.

मराठी बँडवाल्यांनी या 'आपल्यात नाही'वर एक उतारा शोधला: अभंग घ्यायचा आणि त्याला गिटार जोडायची. आजी खूश, आयोजक खूश, कॉलेजच्या गॅदरिंगला सरही खूश. माझं भांडण अभंगाशी नाही. 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड संतांच्या शब्दांना बास आणि ड्रम देतो, मनापासून देतो, आणि पंढरीची वाट कधी न चाललेली मुलं ते शब्द ऐकतात. छानच आहे. भांडण आहे ते या एका वाटेचा हमरस्ता करण्याशी. रॉक मराठीत यायचा तर त्यानं आधी संतांची चिठ्ठी आणावी, ही अट कुणी घातली?

या अटीचा तोटा साधा आहे. शब्द चारशे वर्षांपूर्वीच लिहून झालेले असले की बँडला स्वतः काही म्हणावंच लागत नाही. आणि ज्याला स्वतःचं काही म्हणायचं नाही, त्याचा आल्बम होत नाही. एक सिंगल होतो, त्यावर रील्स होतात, पुढच्या गणपतीपर्यंत बँड फुटलेला असतो.

पुण्यात रॉक नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 'अग्नी' हा पुण्याचाच बँड. २००७मध्ये त्यांचा त्याच नावाचा आल्बम आला, पण त्यातली गाजलेली गाणी हिंदी. एनएच-सेव्हन वीकेंडर २०१०मध्ये सुरू झाला तोही पुण्यात. म्हणजे गिटार आहे, स्टेज आहे, गर्दी आहे. कमी आहे ती मराठीत स्वतःचं म्हणणं मांडणाऱ्या दहा गाण्यांची.

त्यासाठी सगळ्यात सोयीचा प्रकार म्हणजे पॉवर पॉप. 'द हू'च्या पीट टाउनशेंडनं १९६७मध्ये आपल्या बँडच्या संगीताला हे नाव दिलं. रॉकची करकरीत गिटार, बीटल्ससारखी गुणगुणता येणारी चाल, दोघातिघांनी मिळून गायलेलं धृपद, आणि तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास. विषय तर अगदी घरगुती: ती बोलली नाही, खिशात पैसे नाहीत, हे गाव सोडायचंय.

आता नारायण पेठ बघा. अभ्यासिकांमध्ये रात्री अकरापर्यंत दिवे चालू. एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट, कॉट बेसिसवरची खोली, महिनाअखेरीला मेसचा डबा बंद, 'या वेळेला होईल ना रे?' असा घरून येणारा फोन. शेजारी वाडा पाडून नवी इमारत उठतेय आणि त्यातला फ्लॅट आपल्याला या जन्मी परवडणार नाही, हेही कळलेलं. पॉवर पॉपला यापेक्षा जास्त काय लागतं? यावर मराठीत एक पूर्ण आल्बम का नसावा?

'मराठी रॉकला चालत नाही, शब्द लांब पडतात,' हे उत्तर ठरलेलं. पडतात, पुस्तकी मराठी लिहिली तर. 'प्रतीक्षा करीत आहे' खरंच ठेक्यात बसणार नाही. 'थांब', 'चल', 'नको', 'बस की', 'काय यार' बसेल. बोलतो ती मराठी तुटक आहे, ठसक्याची आहे. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसच्या 'तांबडी चामडी'वर लोक नाचले, हाउस संगीतावर, मराठीत. तिथं कुणी चिठ्ठी मागितली नाही.

दुसरं उत्तर: 'आता आल्बम कोण ऐकतं?' हे पुण्यात तरी बोलू नये. १९५५च्या रामनवमीला आकाशवाणी पुणे केंद्रानं गीतरामायण सुरू केलं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आठवड्याला एक गाणं, वर्षभरात छप्पन्न. आजच्या भाषेत सांगायचं तर दर आठवड्याला एक सिंगल. पण प्रत्येक गाणं एका मोठ्या कामाचा तुकडा होतं, म्हणून लोक पुढच्याची वाट बघत बसले. सिंगल काढा की, हरकत कुणाची आहे? फक्त तो कशाचा तरी भाग असू द्या.

आणि नाही चालला आल्बम तर? मेम्फिसच्या 'बिग स्टार'चा पहिला आल्बम १९७२मध्ये आला. समीक्षकांनी कौतुक केलं, पण वितरण इतकं ढिसाळ की तो धड दुकानांतच पोचला नाही. बँड काही वर्षांत मोडला. आल्बम राहिला. पुढच्या पिढीत 'आर.ई.एम.'सारख्या बँडनी तो उकरून काढला, आणि आज पॉवर पॉपचा विषय निघाला की सुरुवात तिथून होते. दहा-बारा गाणी एकत्र होती म्हणून उकरायला काहीतरी उरलं.

तेव्हा बँडवाल्यांनो, एक वर्ष फ्यूजन बंद. दहा गाणी लिहा, तुम्ही बोलता त्या मराठीत. पहिली चार भिकार होतील, होऊ द्या. ऐकणाऱ्यांनो, कुणी असा आल्बम काढलाच तर पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकदा तरी सलग ऐका, स्क्रोल न करता. आणि पेठेतल्या मोठ्यांना एकच विनंती. तुमच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. त्यातला एक द्या, भिंतींना जुन्या गाद्या लावू द्या, रात्री नऊला कुलूप घाला. ढोलासाठी अख्खी नदी दिलीत, ड्रमला एक खोली द्यायला काय हरकत आहे?