अक्षर म्हणजे काय, हे खिडकीला कोण सांगणार?

संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात बसून एखादेच काम निमूटपणे करणाऱ्या छोट्या खिडक्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. कुणी वेळ दाखवते, कुणी हवामान, कुणी टंकलेल्या मजकुराची शब्दसंख्या. त्यांना विजेट म्हणतात, आणि अशी काही विजेट एका चौकटीत मांडली की त्या चौकटीला पॅनेल. पायथन या आज्ञावलीच्या भाषेत अशा खिडक्या घरच्या घरी तयार करता येतात. मराठीच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्याला लागणाऱ्या खिडक्या स्वतःच तयार कराव्यात, असे आमचे मत आहे. हे मत तंत्राच्या कौतुकातून आलेले नाही. अशा प्रत्येक खिडकीच्या पोटात भाषेची एक व्याख्या दडलेली असते, आणि भाषेच्या व्याख्या करणे हे आपल्या विषयाचे काम आहे, एवढेच त्यामागचे कारण.

पायथनमध्ये मजकुराची लांबी सांगणारे 'लेन' नावाचे एक फलन आहे. त्याला 'क्षितिज' हा शब्द दिला की उत्तर येते ७. छंदाचा पहिला पाठ झालेला कोणताही विद्यार्थी सांगेल ३ : क्षि, ति, ज. यंत्र येथे खोटे बोलत नाही. ते युनिकोडचे संकेत मोजते : क, पाय मोडल्याची खूण, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि तिने प्रत्येक मजकूर युनिकोड मानायला सुरुवात केली. त्याआधीच्या आवृत्तीत यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेला हाच शब्द साध्या अवतरणात दिला तर उत्तर २१ येई, कारण तेव्हा बाइट मोजले जात आणि देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. म्हणजे एकाच शब्दाची लांबी २१, ७ आणि ३. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण कवितेच्या अभ्यासकाला उपयोगी पडणारा त्यातला एकच आहे. 'ज्ञानेश्वरी'ची संकेतांनुसार लांबी ११ भरते, अक्षरे मात्र ४. 'कविता' हा शब्द यंत्राकडून उलटा करून घ्यावा, तर ता-चा काना सर्वांत पुढे येऊन निराधार उभा राहतो.

यावर कुणी म्हणेल की युनिकोडकडे 'वाचणाऱ्याला एक अक्षर वाटेल असा गट' ही कल्पना आहेच. आहे, पण तिचा इतिहास बोलका आहे. या गटांचे सर्वसाधारण नियम 'क्षि'चे दोन तुकडे करीत : क् आणि षि. देवनागरीसारख्या लिप्यांतील जोडाक्षरे सलग ठेवण्याचा नियम त्यात आला तो १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली. जी गोष्ट आपल्याकडे प्राथमिक शाळेतील मुलाला ठाऊक असते, तिला जागतिक प्रमाणात स्थान मिळायला इतकी वर्षे लागली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. व्याख्या करणाऱ्यांच्या पंक्तीत आपला विषय शिकवणारे फारसे बसले नव्हते, एवढेच.

आता खिडकीकडे येऊ. आम्ही जिचा आग्रह धरतो ती खिडकी छंदाची आहे. वरच्या भागात कवितेची ओळ टंकण्याची जागा, खालच्या भागात त्या ओळीची अक्षरसंख्या, मात्रा आणि लघु-गुरूंच्या खुणा. पायथनसोबत बहुधा टीकिंटर नावाचा संच येतोच. त्याच्या आधारे चौकट, मजकुराची पेटी आणि खुणांची पट्टी मांडायला वीस-पंचवीस ओळी पुरतात. ही खिडकी इतर खिडक्यांच्या वर राहावी असे एका ओळीत सांगता येते. अशा आज्ञावलीची रीत वेगळी असते. ती वरून खाली वाचत जाऊन संपत नाही. ती वाट पाहत बसते, आणि कळ दाबून सुटली की नेमून दिलेले फलन चालवून पुन्हा वाट पाहू लागते. त्यामुळे ओळ टंकता टंकताच खुणा बदलताना दिसतात. लिनक्सवर मात्र टीकिंटरची एक अडचण आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या टीके संचाची ८.६ ही आवृत्ती तेथे जोडाक्षरे नीट जुळवत नाही. तेथे क्यूटी हा संच पायथनमधून वापरावा, त्यात देवनागरी व्यवस्थित उमटते.

येथवरचे काम कोणताही आज्ञावलीकार करून देईल. ओळ अक्षरांत तोडायची, ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार-विसर्ग असलेले अक्षर गुरू, जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू. एवढे नियम घातले की भुजंगप्रयाताची १२ अक्षरे आणि य गणाची चार आवर्तने खिडकी बिनचूक ओळखते. शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरेही मोजून देते. संस्कृत वळणाच्या रचनेपुरते हे ठीक चालते. खरा प्रश्न मराठी शब्द आला की सुरू होतो.

'पुस्तक' या शब्दात पु गुरू, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्यावर येतो. 'तुझ्या' या शब्दात तु लघुच राहतो, कारण तेथे आघात नाही. 'दुसऱ्या'तला स आणि 'कुऱ्हाड'मधला कु यांचेही तसेच. मग आज्ञावलीकार विचारील, नियम काय? य जोडलेला असेल तर आधीचे अक्षर लघु मानावे काय? तसे मानले तर 'सत्य' आणि 'पुण्य' हे शब्द चुकतात. आता 'पुण्यात' हा शब्द घ्यावा. 'तो पुण्यात राहतो' या वाक्यात पु लघु आहे, आणि 'त्याच्या पुण्यात भर पडली' या वाक्यात तोच पु गुरू. अक्षरे तीच, संकेत तेच, शुद्धलेखन तेच. शहर की सत्कृत्य, हे कळल्याखेरीज लघु-गुरू ठरत नाही. म्हणजे छंदाचे गणित अर्थाच्या दारातून आत जाते. वर्गात हे वाक्य आम्ही अनेकदा उच्चारतो, पण खिडकी करायला बसलेल्या विद्यार्थ्याला ते ज्या नेमकेपणाने कळते तसे नुसत्या व्याख्यानातून कळत नाही.

जुना छापील मजकूर समोर आला की आणखी एक पेच पडतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम रूढ होण्याआधीच्या मजकुरात उच्चारात नसलेले अनुस्वार जागोजाग आढळतात. तेथे 'हंसून' असे छापलेले असते आणि वाचायचे असते 'हसून'. यंत्र त्या हं-ला गुरू ठरवील. पण 'हंस' या पक्ष्याच्या नावातला हं खरोखरच गुरू आहे. म्हणजे खिडकीला पुस्तकाचा काळही सांगावा लागतो. अभंगाचे प्रकरण याहून नाजूक आहे. थोरल्या अभंगाच्या चरणखंडांत ६, ६, ६ आणि ४ अक्षरे असतात असे आपण शिकवतो, पण गाताना अक्षर ओढले जाते, गिळलेही जाते. सात अक्षरे आली म्हणून लाल खूण करणारी खिडकी संतांना शुद्धलेखन शिकवू लागेल.

म्हणून आमच्या कल्पनेतील खिडकीत तीन खुणा असाव्यात : लघुची, गुरूची, आणि 'वाचकाने ठरवावे' अशी तिसरी. तिसऱ्या खुणेवर टिचकी मारली की वाचकाने आपला निर्णय द्यावा आणि खिडकीने तो नोंदवून ठेवावा. अभंगाच्या बाबतीत तिने आकडा सांगावा, निकाल देऊ नये. तयार साधने विकणाऱ्याला ही तिसरी खूण सहसा सुचणार नाही, कारण त्याला साधन ठाम दिसायला हवे असते. आपल्या विषयाला मात्र संदिग्धतेची सवय आहे. कुठे थांबून विचारायचे, हे यंत्राला सांगण्याची योग्यता आपल्याकडे आहे.

हेच शोधाला आणि अनुक्रमालाही लागू आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, त्याचा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण पायथनच्या लेखी ती भिन्न आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. एखाद्या कादंबरीतील शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या संशोधकाचे आकडे अशा जागी गुपचूप दुभंगतात. शब्दांची यादी लावायला सांगितली की यंत्र 'काल, काळ, काव्य' असा क्रम देते, कारण युनिकोडने ळ-ला ल आणि व यांच्या मध्ये बसवले आहे. आपली शाळेतील वर्णमाला ह-नंतर ळ, क्ष, ज्ञ म्हणत संपते. त्या क्रमाने 'काळ' हा 'काव्य'च्या नंतर यावा. कोणता क्रम धरायचा हा कोशकाराचा निर्णय आहे. तो आपल्या नकळत घेतला जाऊ नये, इतकेच आमचे म्हणणे.

तयार साधनांवर विसंबण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे. विजेटची घरे फार लवकर मोडतात. कॉनफॅब्युलेटर २००३ साली आले, २००५ मध्ये याहूने ते विकत घेतले आणि पुढे ते बंद पडले. ॲपलचा डॅशबोर्ड २००५ ते २०१९ एवढाच टिकला. विंडोज व्हिस्टासोबत २००७ मध्ये आलेली गॅजेट सुरक्षेच्या कारणास्तव बंद करावीत, असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१२ साली दिला. लिनक्सवरच्या सुपरकारांबा आणि जीडेस्कलेट्स यांत पायथनमधून विजेट लिहिता येत. तीही मागे पडली. स्वतः लिहिलेली आज्ञावली अमर असते असे नाही. पण तिचा मजकूर आपल्या हाती असतो, तो वाचता येतो, आणि खिडकीची चौकट बदलली तरी आतले छंदाचे नियम उचलून दुसऱ्या चौकटीत ठेवता येतात. म्हणून नियम एका धारिकेत आणि खिडकी दुसऱ्या धारिकेत, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती अशी खिडकी मिनिटभरात लिहून देते, मग विद्यार्थ्याने हे का शिकावे? चौकट ती देईल, हे खरे. पण 'पुण्यात' या शब्दापाशी थांबायचे हे तिला कोणी बजावले नाही, तर ती बिनदिक्कत एक खूण उमटवून मोकळी होईल, आणि ती खूण चूक आहे हे ओळखणारा माणूस छंद शिकलेलाच असावा लागेल. लिहिण्याचे श्रम कमी झाले, तपासण्याची जबाबदारी वाढली.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे : कविता मोजायची असते काय? माधव जूलियनांनी आयुष्यातील कितीतरी वर्षे मोजण्यात घालवली. त्यांच्या 'छंदोरचने'ला १९३८ साली मुंबई विद्यापीठाने डी.लिट. दिली, आणि त्यांची कविता त्यामुळे कोरडी झाली असे कुणी म्हणत नाही. मोजणे हे ऐकण्याचेच एक साधन आहे. मोजमाप कुठे थिटे पडते तेही मोजूनच कळते.

आमची सूचना साधी आहे. पदव्युत्तर वर्गातील छंदाच्या प्रकरणाला जोडून आठवडाभराचे एक कार्य द्यावे. चार-चार विद्यार्थ्यांचा गट करावा. प्रत्येक गटाने एक वृत्त, एक अभंग आणि १९६२ पूर्वीच्या छपाईतील एक कविता खिडकीला वाचायला द्यावी, आणि ती जेथे अडखळली त्या जागांची यादी करावी. गुण खिडकीच्या देखणेपणाला न देता त्या यादीला द्यावेत. अशा पाच-सहा याद्या एकत्र आल्या, तर मराठीच्या लघु-गुरूविचारातील अनिर्णित जागांचा एक उपयुक्त नकाशा हाती येईल. तो तयार करण्याची अपेक्षा दुसऱ्या कोणत्या विभागाकडून करावी, हे आम्हाला तरी सुचत नाही.