सॉफ्टवेअर अभियंत्याची पारख

मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव आहे. महानुभाव वाङ्मयाच्या संशोधकाचे नाव अभियंते घडविणाऱ्या संस्थेला कशासाठी, असा प्रश्न एखाद्या नवख्या विद्यार्थ्याला पडत असेल. आपल्याच जिल्ह्यातील नरवेलचा सुपुत्र, पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला, एवढे उत्तर पुरेसे आहे. परंतु सॉफ्टवेअर व्यवसायास कोणती कौशल्ये लागतात आणि ती जोखावयाची कशी, या प्रश्नाच्या संदर्भात त्या नावाला आणखीही एक अर्थ आहे.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे भवितव्य आज बव्हंशी संगणकावर द्यावयाच्या एका चाचणीवर ठरते. थोडे गणित, थोडे तर्कशास्त्र, थोडे इंग्रजी आणि घड्याळ लावून लिहिलेले एक-दोन प्रोग्राम! या पद्धतीचा उपकार नाकारण्याचे कारण नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१८ मध्ये राष्ट्रीय पात्रता चाचणी सुरू केली. त्यामुळे कंपनी आपल्या गावी येण्याची वाट पाहत बसण्याची गरज आडगावच्या मुलाला उरली नाही. चाचणीने आपला आळसही उघडा पाडला. २०१७ साली ‘अ‍ॅस्पायरिंग माइंड्स’ या मूल्यमापन संस्थेने देशातील पाचशेहून अधिक महाविद्यालयांच्या सुमारे ३६ हजार विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा तर्कदृष्ट्या बिनचूक प्रोग्राम लिहिणारे अवघे ४.७७ टक्के निघाले. त्या आकड्यावर वादंग माजले. पण तो साफ खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस वर्गात शिकविणारा कोणीही प्रामाणिक प्राध्यापक करणार नाही.

तथापि या चाचणीत नेमके काय मोजले जाते? कोऱ्या पाटीवर छोटे कोडे झटपट सोडविण्याची हातोटी. प्रत्यक्ष नोकरीत कोरी पाटी क्वचितच मिळते. दुसऱ्याने, कधी दहा वर्षांपूर्वी, लिहून ठेवलेला प्रोग्राम वाचावयाचा, त्याचा हेतू ओळखावयाचा, चूक कोठे शिरली हे शोधावयाचे आणि एक दुरुस्त करताना दुसरे मोडणार नाही याची काळजी घ्यावयाची, यातच दिवस जातो. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अनुभवी प्रोग्रामरांमध्येही चुका शोधण्यास लागणाऱ्या वेळात वीसपटींहून अधिक तफावत आढळली होती. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’च्या संपादनात केले ते काम याच जातीचे. निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवून, लेखनिकाची चूक कोणती आणि मूळ पाठ कोणता, याचा निवाडा करण्यास लागणारी चिकित्सा आणि चिकाटी नव्वद मिनिटांच्या पर्यायी प्रश्नांत मोजता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर हे अधिकच निकडीचे झाले आहे. कोड्यासारखे छोटे प्रोग्राम यंत्र क्षणात लिहून देते. ते बरोबर आहेत की नुसतेच बरोबर दिसतात, हे माणसाला सांगावे लागते. ज्या बापाने कपाशीच्या भरवशावर कर्ज काढून मुलाची फी भरली, त्याच्या मुलाला आपण यंत्राने केव्हाच आत्मसात केलेल्या कौशल्यात निष्णात करीत असू, तर ती त्या कुटुंबाची फसवणूक होय.

मलकापूरच्या बाजारात कापसाचे मोल नुसत्या वजनावर ठरत नाही. ओलावा पाहतात, धाग्याची लांबी पाहतात. उमेदवाराला मात्र आपण एकाच बेरजेने तोलतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला गुण आहेतच, पण तयार प्रकल्प विकत मिळतात हे आता गुपित राहिलेले नाही. त्याऐवजी गेल्या वर्षीच्या मुलांनी लिहिलेला प्रोग्राम यंदाच्या मुलांच्या हाती द्यावा. समजा, तो काटापट्टीचा आहे: वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. त्यात दरबदल करावयास सांगावे, दडलेली चूक शोधावयास लावावे आणि काय बदलले व का, हे साध्या मराठीत लिहून घ्यावे. एकाच नव्हे, तीन-चार सत्रांत त्याची नोंद ठेवावी. तोंडी परीक्षेच्या वेळी प्राध्यापकांशेजारी एक खुर्ची बाजार समितीच्या मापाऱ्यासाठी असावी. त्याला संगणक येत नसला तरी चालेल. हिशेब चुकला आहे की नाही, हे तो सांगेल.