घारे डोळे कोणाला हवेत?

मैत्रिणींनो, आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका मुलीची ही हकीकत. साखरपुड्याला पार्लरवालीने तिच्या डोळ्यांत करड्या रंगाच्या लेन्स बसवल्या. त्या आधी दुसऱ्या नवरीने वापरलेल्या, नळाच्या पाण्याने धुतलेल्या. रात्री दमून ही तशीच झोपली. सकाळी एक डोळा लालभडक. घरात पाहुणे, सांगायची लाज; मेडिकलमधून थेंब आणून घातले. आठव्या दिवशी डॉक्टरांकडे गेली तेव्हा बुबुळावर जखम होती. जखम भरली, पण डोळ्यात फूल पडले ते पडलेच.

बैठकीत हे सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया आली, "कशाला हवीत ही थेरं?" हे मला मान्य नाही. 'गोरी, घारे डोळे' हे कौतुक कुठल्या जातीच्या घरांतून आले, ते आपण सगळ्या जाणतो. सावळ्या, काळ्याभोर डोळ्यांच्या मुलीला आधी नाकारायचे, मग बाजाराने तिला घारे डोळे विकायचे आणि वर आपण तिचे बौद्धिक घ्यायचे! मग दुखणे ती सांगणार कोणाला?

आपल्या शरीराची माहिती हा बाईचा हक्क आहे, असे आपण पाळीबद्दल, गर्भनिरोधकांबद्दल म्हणत आलो. डोळ्यांबद्दलही म्हणूया. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः थेट हवेतून मिळतो. लेन्स तो अडवते, झोपेत तर जास्तच. म्हणून नंबर नसला तरी डोळा तपासून, मापाचीच लेन्स घ्यायची. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने शोभेच्या लेन्सही वैद्यकीय साधन ठरल्या, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आपल्याकडे त्या टिकल्यांसारख्या हाती पडतात.

जिला घालायच्या असतील तिने खुशाल घालाव्यात. मात्र हात साबणाने धुऊन, कोरडे करून. नळाचे पाणी नको, थुंकी तर नकोच. पाण्यातल्या अकँथअमिबासारख्या जीवाने डोळा जाऊ शकतो. लेन्स ताज्या द्रावणात चोळून धुवावी, कालचे द्रावण ओतून द्यावे, डबी तीन महिन्यांनी बदलावी. सख्ख्या बहिणीलाही आपली लेन्स देऊ नये. आधी लेन्स, मग काजळ. रात्री आधी लेन्स काढायची, मग रंग पुसायचा. अंधारात बाहुली मोठी होते आणि रंगाची कडा नजरेत येते, म्हणून रात्री स्कूटर चालवताना जपावे.

आणि टोचत असेल तर सोसू नका. 'होईल सवय' हे बायकांना जन्मभर ऐकवले जाते. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, लेन्स आणि डबी बरोबर न्या. मेडिकलवाल्याच्या थेंबांत स्टिरॉइड असले तर जंतूंचे फावते.

आता आपल्याबद्दल. पार्लरचे वर्ग आपल्यातल्या कितीतरी संस्था चालवतात. बाईच्या हाती चार पैसे येतात, ते योग्यच. त्या वर्गात भुवया कोरायला शिकवतो, फेशियल शिकवतो. वरची पार्लरवाली आमच्याच संस्थेत शिकलेली. लेन्सबद्दल आम्ही तिला एक अक्षर सांगितले नव्हते. पुढच्या तुकडीपासून आम्ही एका नेत्रतज्ज्ञ बाईंना बोलावणार आहोत. तुमच्या वर्गात काय शिकवतात, ते कळवा.